पावतीच्या आधीची गाणी

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या मंडळाची चार पोरं घरी आली. चपला दारात काढून, मोबाइल खिशात टाकून आत बसली, तेव्हाच कळलं की काम वर्गणीपेक्षा मोठं आहे.

"काका, तुमच्या पार्टीला पन्नास वर्षं झाली म्हणतात. चौदा एप्रिलला स्टेजवर सत्कार ठेवलाय. फक्त सुरुवातीची तारीख द्या, बॅनरवर टाकायला."

काका म्हणजे माझे बाबा. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेले. आणि पार्टी म्हणजे गायन पार्टी. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी, एक मुख्य गायक आणि मागे कोरस ओढायला चार-पाच जण. दिवसा लोखंडाशी झटायचं आणि रात्री जयंतीला, लग्नाला, बारशाला, पुण्यानुमोदनाला गायचं, अशी ही माणसं. आमच्याकडे अशा पार्ट्या गल्लोगल्ली होत्या. बाबांची त्यातलीच एक. तिची कॅसेट निघाली नाही, पेपरात फोटो आला नाही.

बाबा उठले. कॉटखालची लोखंडी ट्रंक ओढली, आणि साड्यांच्या घड्यांखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. पेटी विकत घेतली त्याची पावती. नाशिकच्या दुकानातली, १९७५ ची. रक्कम पुसट झालेली, पण साल स्पष्ट.

"हे घ्या," बाबा म्हणाले. "पुरावा आहे."

पोरं खूश झाली. बॅनरचं डिझाइन माझ्याकडे आलं, कारण घरात लॅपटॉप माझाच. मीही खूश होतो. बापाचा सत्कार होणार आणि त्याचं बॅनर आपण करणार, यापेक्षा काय पाहिजे?

ज्यांना ही गाणी फक्त डीजेवर ऐकून माहीत आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

१४ एप्रिलची जयंती साजरी करायची पद्धत १९२८ मध्ये पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी सुरू केली असं मानतात. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्यानंतर काही वर्षांत आंबेडकरी जलसे उभे राहिले. तमाशाचाच साचा, पण मजकूर वेगळा : शाळेत जा, मेलेलं ढोर ओढू नका, पाणवठ्यावर हक्क सांगा. या जलशांचं एक मोठं केंद्र म्हणजे आमचा नाशिक जिल्हा, आणि त्यातलं मोठं नाव भीमराव कर्डक. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगतात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला नाशिकला सुरू झाला. धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात झाली, म्हणजे मनमाडहून बसने तासाभराच्या आत. या तारखा आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. का पाठ असतात? पुस्तकामुळे नाही. गाण्यांमुळे.

आणि गाणी म्हटलं की वामनदादा. वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. लहानपणी शाळा नाही. मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून पक्की केली. पहिलं गाणं ३ मे १९४३ ला लिहिलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्यानंतर हजारो गाणी. खेडोपाडी फिरायचे, मिळेल तिथे झोपायचे, गाणं लिहून देऊन पुढच्या गावाला जायचे. १५ मे २००४ ला गेले. आणि त्यांच्यामागून महिना-सव्वा महिन्यात, २३ जून २००४ ला प्रल्हाद शिंदे गेले. एका उन्हाळ्यात लिहिणारा गेला, पावसाच्या तोंडावर गाणारा.

आता एक हिशेब करा. १५ ऑगस्ट १९२२ मध्ये शंभर मिळवा. १५ ऑगस्ट २०२२. त्या दिवशी देशाच्या स्वातंत्र्याला ७५ वर्षं पूर्ण झाली. घरोघरी तिरंगा. मीही डीपीला तिरंगा लावला होता, लावायलाच हवा होता. पण वामनदादांची जन्मशताब्दी त्याच दिवशी आहे, हे मला रात्री एका मित्राच्या स्टेटसवरून कळलं. जिल्ह्यात कार्यक्रम झाले, नाही असं नाही. पण ज्या माणसाने आम्हाला सगळ्यांच्या जयंत्या साजऱ्या करायला गाणी दिली, त्याची शंभरावी जयंती माझ्या घरात कुणाच्या लक्षात आली नाही. आणि माझ्या घरात त्याच्या गाण्यांची अख्खी वही आहे.

पुढच्याच वर्षी शाहीर साबळ्यांची शताब्दी होती. त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा. त्या वर्षी त्यांच्या आवाजातलं गीत राज्यगीत झालं, त्यांच्यावर सिनेमा आला. आनंदच वाटला. तेव्हा मला वाटलं, आमच्या लोकांचं काही तारखेत बसतच नाही. एवढं वाटून मी गप्प बसलो. तारखेत का बसत नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो बॅनर करताना.

बॅनरसाठी मी नेटवर नमुने शोधत होतो. पन्नास वर्षं, शंभर वर्षं, असे लोगो. त्यात एक समोर आला : ऑप्री १००. उघडून बघितलं तर अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातला रेडिओचा एक कार्यक्रम. २८ नोव्हेंबर १९२५ ला सुरू झालेला, अजून चालू. म्हणून २०२५ हे वर्षभर त्यांचा उत्सव. तिकडे ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात, म्हणजे मुळात डोंगरातल्या शेतकऱ्यांची, खाणकामगारांची, रेल्वेच्या माणसांची गाणी, त्याचं हे सगळ्यात मोठं स्टेज. पहिल्या रात्री ७७ वर्षांचा एक म्हातारा फिडल वाजवायला बसला होता, तेही नोंदवलेलं आहे.

मी वाचत गेलो. त्यांच्याकडे सगळ्याला तारीख आहे. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ब्रिस्टल नावाच्या गावात एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस मशीन घेऊन आला आणि आसपासच्या लोकांची गाणी भरून घेऊन गेला. त्यात जिमी रॉजर्स होता, रेल्वेत ब्रेकमन म्हणून काम केलेला. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याचा आवाज पहिल्यांदा रेकॉर्डवर आला. पुढे टीबीने ३५ व्या वर्षी गेला, पण कंट्री म्युझिकचा बाप म्हणून आजही त्याचं नाव घेतात. मला एकदम वर्कशॉपातली माणसं आठवली. आमच्या स्टेशनात मशीन घेऊन कोण उतरलं असतं तर?

मग यूट्यूबने एक रेकॉर्डिंग पुढे केलं. नुसता माउथ ऑर्गन. आणि त्यातून आगगाडी निघते. आधी लांबून, मग जवळ, मग शिटी, मग रुळांचा खडखडाट. मनमाडमध्ये जन्मलेल्या माणसाला गाडीचं सांगायला नको. झोपेतही कुठली गाडी यार्डात वळली ते आम्हाला कळतं. ही गाडी खरी होती. वाजवणारा डीफोर्ड बेली. काळा माणूस, लहानपणी पोलिओ झालेला, उंची पाच फुटांपेक्षा कमी. १९२७ मध्ये एका रात्री या रेडिओवर आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला आणि लगेच बेलीने गाडी वाजवली. त्यावरून निवेदकाने गमतीने म्हटलं, तो ग्रँड ऑपेरा झाला, हा ग्रँड ओल ऑप्री. तेच नाव कार्यक्रमाला कायमचं चिकटलं. म्हणजे ज्या नावाची शंभरी चालली होती, ते नाव मिळालं बेलीच्या वाजवण्यावरून.

१९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. गाण्यांच्या हक्कावरून रेडिओवाल्यांचं भांडण होतं, त्यामुळे त्याची गाजलेली गाणी वाजवता येईनात, आणि हा नवं काही शिकत नाही, आळशी आहे, असं वर म्हटलं गेलं. त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. १९८२ मध्ये गेला. त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ ला.

बूटपॉलिशवर मी थांबलो. याला मनमाडचं कारण आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला आमच्या गावात रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. जीआयपी रेल्वेच्या कामगारांची. अध्यक्ष बाबासाहेब. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथे सांगितलं. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेला नकार, हेही इथेच. आणि एक अगदी साधी गोष्ट सांगितली. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामं करावी लागतात, आणि घरात विटाळ चालत नाही.

माझे आजोबा गँगमन होते. त्या परिषदेला ते होते की नव्हते, याच्या आमच्या घरात दोन गोष्टी आहेत. एका गोष्टीत ते पोरसवदा वयात पुढे बसले होते. दुसऱ्या गोष्टीत त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. परिषदेची तारीख छापलेली आहे. आजोबांची नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी बॅनरसाठी एखादा जुना फोटो किंवा वहीचं पान मिळतं का बघायला ट्रंक उघडली. फोटो एकच, १९८० च्या आसपासचा, सगळे पांढऱ्या शर्टात, बाबा पेटीवर. आणि वही. जाड, वर्कशॉपच्या जुन्या रजिस्टरची. रेल्वेच्या पासवर कुणी नाशिकला जायचं, कुणी इगतपुरीला, कुणी भुसावळला. तिथे ऐकलेलं गाणं अर्धंमुर्धं डोक्यात घेऊन यायचं आणि इथे बसून पूर्ण करायचं. ती सगळी गाणी या वहीत. मला बाबांचं अक्षर ओळखता येतं, उजवीकडे कललेलं, घाईतलं. पण पहिली बत्तीस पानं त्या अक्षरात नव्हती. गोल, सुटं सुटं अक्षर. प्रत्येक 'ल' शाळेत शिकवतात तसा.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

बाबा टीव्ही बघत होते. "आक्काचं असंल," म्हणाले.

आक्का म्हणजे माझी आत्या. बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. नांदगावला असते.

"आत्या लिहून द्यायची तुम्हाला?"

"सुरुवातीला." एवढंच. मग आवाज वाढवला.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन नांदगावला गेलो. गाडीने अर्धा तास. आत्याचे गुडघे आता धरतात, ती ओट्यावरच बसलेली असते. वही हातात घेतली, चष्मा लावला, आणि पान न उलटता म्हणाली, "ही अजून हाये? मला वाटलं रद्दीत गेली."

मी फोनमधलं बॅनर दाखवलं. मधे निळं वर्तुळ, त्यात सोनेरी अक्षरात १९७५–२०२५. तिने दोन बोटांनी मोठं करून बघितलं.

"पंच्याहत्तर कुणी सांगितलं?"

"बाबांनी. पेटीची पावती आहे."

"पेटी पंच्याहत्तरचीच हाये," ती म्हणाली. "मी दोन महिने आधी सांगत होते, नाशिकची घ्या, तिचे भाते चांगले असतात. पण गाणं काय पेटीतून निघालं का?"

आणि मग तिने सांगितलं. बहात्तरचा दुष्काळ. आजोबांच्या पगारात घर भागेना, म्हणून आजी आणि आत्या खडी फोडायला जायच्या. आत्या तेव्हा अठराची. रोज मोजून खडी, मोजून मजुरी, वर सुकडी. रेशनला मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. "तिची भाकर थापली की तुटायची. आणि रंग असा की जनावराला घालावी. पण खाल्ली." दुपारच्या सुट्टीत बायका सावलीला बसायच्या आणि आत्या गायची. शाळेत सातवीपर्यंत गेलेली, त्यामुळे गाणी लिहून ठेवायची. हातोडीच्या ठेक्यावर गाणं बसायचं, कारण हातोडी बाईच्या हातातली, तिची लय ठरलेली. मग जयंती आली. एप्रिल १९७३. गल्लीत बोर्डासमोर पहिल्यांदा पाच जण उभे राहून गायले. मधे आत्या, मागे चार पोरं. त्यात सतरा वर्षांचे माझे बाबा.

"बाबा काय वाजवायचे?"

"डबा."

"पत्र्याचा?"

"डालड्याचा. पत्र्याचाच. डालड्याचा पाच किलोचा डबा, पालथा. तुझ्या आजीनं दोन दिवस शोधला त्यासाठी."

म्हणजे पार्टी १९७३ ची. किंवा खडीवरची धरली तर १९७२ ची. पन्नास वर्षं २०२२-२३ मध्येच होऊन गेली होती. वामनदादांच्या शंभरीच्या आसपास. तेव्हाही कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मग तू सोडलं का?"

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. पण ते कारण नव्हतं, असं तीच म्हणाली. नांदगाव काय लांब नाही, आणि माझे काका गाण्याला कधी नाही म्हणाले नसते. १९७६ च्या जयंतीला ती मुद्दाम माहेरी आली. आता पेटी होती, माईक होता, पार्टीला नाव होतं, बाहेरगावच्या सुपाऱ्या येत होत्या. तिला स्टेजवर बोलावलं. पेटी सुरू झाली ती काळी एकमध्ये. नवा मुख्य गायक पुरुष, सगळी गाणी त्याच्या पट्टीत बसवलेली. आत्या गायची काळी पाचमध्ये. तिने हात केला, वर घ्या. कुणी घेतली नाही. तिने त्याच पट्टीत सुरुवात केली, आवाज खाली तळाला लागेना, लोकांना ऐकू जाईना. अर्धा अंतरा झाला आणि ती खाली येऊन बायकांत बसली.

"कोण काही बोललं?"

"कोण कशाला बोलंल? टाळ्या पण वाजवल्या." मग वही माझ्याकडे देत म्हणाली, "चहा ठेवते, तेवढं लायटर दे."

परतीच्या गाडीत मी दारात उभा होतो. डोक्यात बेली होता, आणि मला त्याचा राग येत होता, की इतक्या लांबच्या माणसाची गोष्ट मला दोन तासांत सापडली आणि शेजारच्या स्टेशनातली सापडायला तीस वर्षं लागली. बेलीला काढलं त्याचं साल तरी आहे. आत्याला कुणी काढलंच नाही. फक्त पेटी एका पट्टीत लावली. आणि मग वर्षं मोजायची वेळ आली तेव्हा पेटीपासून मोजली, कारण पेटीची पावती होती. डालड्याच्या डब्याची कुठून असणार?

यात एकटे बाबाच होते असं नाही. मीही होतो. पंचवीसाव्या पानापर्यंत गोल अक्षर बघूनही मी आधी बॅनर केलं होतं आणि मग विचारलं होतं.

रात्री जेवताना मी विषय काढला. वाटलं होतं बाबा चिडतील. ते भाकरी मोडत राहिले.

"आक्का बरोबर सांगते," म्हणाले. "त्र्याहत्तर."

"मग पोरांना पंच्याहत्तर का सांगितलं?"

"त्यांनी तारीख मागितली. माझ्याकडे कागद होता तेवढाच दिला."

"आणि पट्टी? त्या दिवशी वर का नाही घेतली?"

आई उठून आत गेली. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तेवढीच येत होती. वर्षभरात पेटी शिकलो, कुणी शिकवणारा नव्हता. बोटं काळी एकलाच बसली होती. वर घेतली असती तर सगळ्यांसमोर चुकलो असतो." पाणी प्यायले. "लोक समजले आक्काचा आवाज गेला. मी समजू दिलं."

एकोणपन्नास वर्षं माणूस हे घेऊन बसला होता. मला काय बोलावं कळेना.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना फोन केला. सांगितलं, साल चुकलंय. फ्लेक्स छापून आला होता, वीस बाय दहाचा. "दादा, आता दोन वर्षांनी काय फरक पडतोय?" पोरगा प्रेमानेच म्हणाला. पैसे वर्गणीतले होते. मी "बरं, राहू दे" म्हणालो. हे लिहिताना तेच सगळ्यात जास्त टोचतंय.

पण घरात दुसरं काहीतरी सुरू झालं. बाबा दुपारी पेटी काढून बसायला लागले. तीच जुनी पेटी, दोन सूर मुके झालेले. एकच गाणं, पुन्हा पुन्हा. बोटं अडखळायची, थांबायचे, परत पहिल्यापासून. आई म्हणाली, "एवढं वर्कशॉपात केलं असतं तर चार्जमन झाले असते." मी कान देऊन ऐकलं तेव्हा लक्षात आलं. काळी पाच. सत्तरीला टेकलेला माणूस मुकी बटणं चुकवत काळी पाच शिकत होता.

चौदा तारखेला आत्या आली. पांढरी साडी, निळी किनार. स्टेजमागे माझा फ्लेक्स लागला होता, १९७५–२०२५, आणि फोटोत सगळे पांढऱ्या शर्टातले. आत्याने एकदा बघितलं आणि खुर्ची शोधली. कार्यक्रम उशिरा सुरू झाला. भाषणं लांबली, मधे मिरवणूक आली, डीजेने अर्धा तास घेतला. सत्कार झाला, बाबांच्या खांद्यावर शाल पडली, हातात संविधानाची प्रत आली. गाण्यासाठी पेटी वर नेऊन ठेवलेली. पण तोवर माईक बंद करायची वेळ झाली होती. पोरांनी हात जोडले, "काका, पुढच्या वर्षी पहिलं तुमचं." बाबा पेटी उचलून घरी आले. मंडळाचं नाव घ्यावं असं त्यात काही नाही. असं सगळीकडेच होतं.

पंधरा तारखेच्या सकाळी नळाला पाणी येणार होतं. मनमाडमध्ये तो दिवस सोडून चालत नाही, त्यामुळे सगळं घर उठलेलं. आत्याची गाडी नऊनंतर. पाणी भरून झालं, पिंपाला झाकण पडलं, आणि बाबांनी ओल्या फरशीवर सतरंजी टाकून पेटी उघडली. काही बोलले नाहीत. काळी पाचवर बोट ठेवलं आणि भाता हलवला.

आत्याला कळलं. चेहऱ्यावरून कळलं की कळलंय. तिने घसा साफ केला, सूर धरायला गेली आणि आवाज फाटला. पुन्हा धरला. पुन्हा फाटला. एक्काहत्तर वर्षांचा गळा. खोकली, हसली, आणि हाताने खूण केली.

"उतर खाली. आता नाही जात तिथं."

बाबा एकेक करत खाली आले. काळी चार. काळी तीन. प्रत्येक ठिकाणी ती गुणगुणून बघायची आणि मान हलवायची. शेवटी जिथे तिचा आवाज बसला ती काळी एक.

बाबांची बोटं तिथे आपोआप पडली. पन्नास वर्षं तिथेच होती ती. दोन आठवडे जे शिकले त्यातलं काही लागलं नाही.

आत्या गायली. दुसऱ्या अंतऱ्याला शब्द विसरली, तर मी वही पुढे धरली, सातवं पान, तिचंच अक्षर. चष्मा नव्हता, म्हणून मी ओळ आधी वाचायची आणि तिने मागून गायची, असं करत गाणं पूर्ण झालं. आई दारात बादली धरून उभी होती. मी दुसऱ्या हाताने फोनवर रेकॉर्ड करत होतो. चार मिनिटं अकरा सेकंद. फाइलला फोनने आपोआप तारीख दिली.

जाताना बाबांनी कालची शाल आत्याच्या पिशवीत घातली. ती म्हणाली, थंडीत कामाला येईल. स्टेशनवर गाडीत चढताना तिने मला जवळ बोलावलं.

"ते भरलंस ना फोनमध्ये, ते कुठं टाकू नकोस हां. माझा आवाज असा नव्हता."

मी टाकलेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर मात्र पेन्सिलीने तिचं नाव लिहिलंय, खाली 'खडी, १९७२' आणि त्याखाली 'डालड्याचा डबा, एप्रिल १९७३'. मंडळाच्या पोरांना ते पान फोटो काढून पाठवलं आहे. पुढच्या बॅनरचं डिझाइनही माझ्याकडेच आहे.